एका गावचे खेळगडी





अनेक खेळ एकत्र नांदवणं आपल्या पुण्याला नवं नाही. इथला डेक्कन जिमखाना हा क्लब 1906 सालचा. 1914 साली खो-खोचे नियम बसवण्याचं काम त्यानेच हाती घेतलं. 1920च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू धाडण्याची खटपट सर दोराबजी टाटांनी केली, ती या जिमखान्याच्या मैदानावरच्या शर्यती पाहून.

पुढे व्यावसायिक लीग आल्या आणि प्रत्येक खेळाने आपली वेगळी चूल मांडली. बालेवाडीचं क्रीडासंकुल 1994च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी आधीच उभं राहिलं होतं. 2014 साली एफसी पुणे सिटी इंडियन सुपर लीगमध्ये उतरला, त्याच वर्षी पुणेरी पलटण प्रो कबड्डीत. दोघेही बालेवाडीत खेळले. 2019 मध्ये फुटबॉलचा संघ बंद पडला, लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. पलटण टिकली आणि 2024 मध्ये विजेती ठरली. शेजारच्या पलटणने तो फुटबॉल क्लब वाचवला असता, असं मी म्हणत नाही. पैशाचं गणित फार कठोर असतं. पण त्या क्लबसाठी गॅलरीत घसा कोरडा करणाऱ्या पोरांना ‘या, इकडे बसा’ म्हणणारं शेजारचं दार उघडं असायला हवं होतं. ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

असा शेजार जमू शकतो. इंग्लंडमधल्या विगनमध्ये फुटबॉल आणि रग्बी लीगचे क्लब 1999 पासून एकच स्टेडियम वापरतात. एका हिरवळीवर दोन खेळ म्हटले की मैदान झिजतं, तारखा अडतात. पण त्या तारखांपायी तरी दोन्ही कचेऱ्यांना एकमेकांशी बोलावंच लागतं.

आपण निरनिराळ्या खेळांचे क्लब मिळून लहान सुरुवात करू. कबड्डीचा सीझन पास दाखवला की फुटबॉलचं तिकीट स्वस्त मिळावं. गुडघा कबड्डीत दुखावतो तसा फुटबॉलमध्येही. मग चांगला फिजिओ आणि व्यायामशाळा दोघांत एक का असू नये? सुट्टीत मुलांची शिबिरं एकत्र घ्या. पोराला आधी धावू, पडू द्या. खेळ त्याचा तो निवडेल.

आज दुपारी पंगतीत आपल्या खेळाचा माणूस सोडून दुसऱ्या खेळाच्या माणसाशेजारी बसा. आणि ताटावरून उठण्याआधी दोघांची वेळापत्रकं समोर ठेवून एकत्र काही करण्याची एक तारीख पक्की करा.