उजवं पान रिकामं ठेवा

आज तुम्हाला एक वही दाखवायची आहे. रेडिओवर वही दिसत नाही हे ठाऊक आहे, तेव्हा वर्णनावर भागवून घ्या. शंभर पानी, रेघांची, कोपऱ्यावर चहाचा डाग. डाग माझा. वही आमच्या लेकीची, बातम्यांची.

आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. २६ मार्च २०२४ च्या पहाटे बाल्टिमोरला 'डाली' नावाचं मालवाहू जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळलं आणि पूल बघता बघता पाण्यात गेला. त्याच पुलावरून आम्ही कितीदा गेलो होतो! लेक तेव्हा अकरा वर्षांची. दोन दिवसांनी ती शाळेतून गप्प गप्पच आली. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय आहेत हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, आणि त्यांची टिंगल करणारं एक व्यंगचित्र इंटरनेटवर फिरत होतं. वर्गात कुणीतरी तिला विचारलं होतं, "तुझे काका चालवत होते का जहाज?"

मला राग आला आणि मी एक लांबलचक भाषण ठोकलं. तिनं ते ऐकलं नाही. बायकोनं मात्र न बोलता एक कोरी वही पुढे सरकवली. त्यातली पहिली नोंद अशी: "चालवणारा झोपला असेल का? झोपला असेल तर मला लाज वाटेल."

मग माझ्यातला एमबीए जागा झाला. काय घडलं, का घडलं, परिणाम काय, माझं मत, असे चार रकाने मी आखून दिले. दोन आठवड्यांत वही पलंगाखाली गेली. आपण घरातसुद्धा क्लायंट शोधतो, काय करणार!

टिकलं ते साधंच. शनिवारी पोह्यांनंतर दहा मिनिटं. बातमी तिनं निवडायची. डाव्या पानावर बातमी आणि तिचे प्रश्न, उजवं पान रिकामं. पुढे काही नवं कळलं तर त्यासाठी. मराठी, इंग्रजी, खिचडी, काहीही चालेल, आणि शुद्धलेखन मी तपासायचं नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं. मुलं लहान असतील तर वर्तमानपत्रातला एक फोटो चिकटवून खाली एक ओळ पुरते. आणि हो, आपणही शेजारी बसून आपली वही लिहायची. फोन हातात धरून "तू लिही" म्हणून चालत नाही.

त्या पहिल्या नोंदीसमोरचं उजवं पान हळूहळू भरत गेलं. जहाजावरची वीज गेली होती. जहाजावरून धोक्याचा इशारा आला, म्हणून पोलिसांना पुलावरची वाहतूक थांबवता आली. पण रात्रपाळीला पुलावरचे खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. ते मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वाडोरहून आलेले. त्याखाली तिनं लिहिलंय, "हे पण आपल्यासारखेच दुसऱ्या देशातून आलेले." खलाशी कित्येक आठवडे जहाजावरच अडकून होते आणि तपासासाठी त्यांचे फोन काढून घेतले होते. तिथे तिचा प्रश्न: "मग ते आईशी कसे बोलतात?" त्या शनिवारी तिनं आपणहून पुण्याला आजीला फोन लावला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तपासाचा निष्कर्ष आला. एका तारेवरचं लेबल नीट बसवलेलं नव्हतं, त्यामुळे तार सैल राहिली आणि वीज गेली. मी आयटीवाला, मला अशा गोष्टींचं फार कौतुक! मी उत्साहानं सांगायला गेलो, तर लेकीनं जुनी वही आधीच काढली होती. उजव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं: "कोणी झोपलं नव्हतं. एक तार सैल होती."

मग तिनं मला विचारलं, "बाबा, पण तो खरंच झोपला असता, तरी मला का लाज वाटणार होती?"

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. तिनं नवीन पान उलटलं, डावीकडे तो प्रश्न लिहिला, आणि माझी वही माझ्याकडे सरकवली.