काडीची पारख

'तीर' हा शब्द फारसीतून आला आणि 'कमान'ही. मला मात्र संस्कृतातला 'शर' जवळचा वाटतो. शर म्हणजे बाण, आणि शर म्हणजे बोरूसारखं उंच गवतही.

माझे दादामियां बोरूनं लिहीत. काडी घेताना ते एक डोळा मिटून तिचा सरळपणा बघत, बोटांवर फिरवत, टिचकी मारून आवाज ऐकत. कच्ची काडी बद्द वाजते. हे ज्ञान बाणालाही पुरेल असं मला वाटलं, आणि तिथंच मी फसलो.

माझा भाचा मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलडाण्याला तिरंदाजी शिकायला जातो. 2023 साली बुलडाण्याच्या प्रथमेश जवकारनं शांघायच्या विश्वचषकात वैयक्तिक सुवर्ण मिळवलं, त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णही. तेव्हापासून हा पोरगा झोपेतही नेम धरतो. त्याचं धनुष्य साधं, बांबूचं. निवड चाचणीआधी बाण मी आणून दिले. बारा नग, सरळसोट, रंगवलेले, वजनालाही सारखे. चाचणीत काही डावीकडे गेले, काही उजवीकडे. निवड हुकली.

"मामू, हात हलला नव्हता," तो म्हणाला. मी त्याला एकाग्रतेवर व्याख्यान दिलं. कवीला दुसरं काय येतं!

दोष काडीच्या ताठपणात होता. साध्या धनुष्याची दोरी मधोमध असते आणि बाण दांड्याच्या एका कडेला टेकलेला. सुटताना तो मासळीसारखा लवतो, दांड्याला वळसा घालतो, मग सरळ होतो. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचीक उजवीकडे. धनुष्य जितकं जोरकस, तितकी काडी ताठ हवी. म्हणजे काडी नुसती चांगली असून भागत नाही. ती त्या धनुष्याला मानवली पाहिजे, आणि बाराच्या बारा सारख्या लवल्या पाहिजेत.

हे मोजणं घरी जमतं. लाकडी काडीसाठी दोन आधारांमध्ये 26 इंच अंतर ठेवतात, मध्यावर 2 पौंड वजन टांगतात आणि काडी किती झुकली ते बघतात. 2 पौंड म्हणजे 907 ग्रॅम. आम्ही ओसरीच्या फळीला दोन खिळे ठोकले, किराणा दुकानातून पाचशेचं एक आणि दोनशेची दोन वजनं मागून आणली. सात ग्रॅमची चूक दुकानदाराच्या नावे, पण ती साऱ्या काड्यांना सारखीच! मागं कागद लावून भाच्यानं प्रत्येक झुकावाची रेघ ओढली. बारापैकी पाच रेघा एकमेकींवर बसल्या. उरलेल्या सात कागदभर पसरल्या.

जंगलात बाण करणारे हे हातानंच ओळखत. जून बांबू पावसाळा सरल्यावर तोडायचा, कोवळ्याला कीड लागते. सावलीत वाळवायचा, विस्तवावर शेकून वाक काढायचा. पिसंही एका बाणाला पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबली, ते योग्यच झालं. पण शिकारीबरोबर ती बोटांतली पारखही चालली आहे.

रेघांचा कागद बघून मी भाच्याची माफी मागितली. तो हसला आणि पाच बाण घेऊन सरावाला गेला. उरलेले सात बहिणीनं परसातल्या वांग्यांना टेकू म्हणून रोवले आहेत.