कारवान की राजपालयम?

घरात कुत्रं आणायचं तर देशी जातीचंच आणू, असं म्हणणारी माणसं आता भेटू लागली आहेत आणि ही मनापासून आनंदाची गोष्ट आहे. टपाल खात्याने 2005 साली आपल्या चार कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यांत मुधोळ आणि राजपालयम या दोन्ही जाती होत्या. 2020 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही या दोघांची नावं घेतली. मुधोळ म्हणजे आपल्या लातूर-सोलापूरकडचा कारवान. मुधोळ गाव आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, पण ही जात टिकवण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते तिथले संस्थानिक घोरपडे मराठेच. राजपालयमचं नाव तमिळनाडूतल्या विरुदुनगर जिल्ह्यातल्या गावावरून पडलं. दोन्ही उंचेपुरे, दोन्ही देखणे, दोन्ही दुर्मीळ. मग घरी कोणता आणायचा? याचं उत्तर बहुतेक जण रूप पाहून किंवा राखणदारीचा विचार करून देतात. मला वाटतं, निवड गुणांवरून करूच नये. पिढ्यान् पिढ्या ज्या कामासाठी हे कुत्रं घडवलं गेलं, त्या कामाची ओढ आपल्या घराला सोसवेल का, हे पाहून करावी. शिकवून त्या ओढीला लगाम घालता येतो, ती मोडता येत नाही.

कारवानचं काम सशामागे धावण्याचं. त्याची शिकार वासापेक्षा नजरेवर चालते. अरुंद लांब डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि लांब सडक पाय, हा सगळा बांधा वेगासाठी आहे. दूर शेताच्या बांधावर काही हललं की आधी त्याची मान ताठ होते, कान मागे जातात आणि पुढच्या क्षणी तो तिथे नसतो. मागून मारलेली हाक त्या वेळी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ससा मारणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरलं, पण ते कारवानला कोण सांगणार? त्याच्यासाठी ससा, मांजर आणि शेजारच्या कोंबड्या एकच. म्हणून कारवानच्या घराला फाटक हवं, कुंपण डोक्याएवढं उंच हवं आणि रस्त्यावर साखळी कधीच सुटता कामा नये. एवढं सांभाळलं तर घरात तो शांत असतो. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला रुचत नाही, पण बहुधा तो स्वतःच उठून बाजूला जातो. त्याच्या दोन-तीन फासळ्या दिसतात म्हणून त्याला भाकरी-भात चारून जाड करू नये, त्याची प्रकृतीच तशी आहे. आणखी एक महत्त्वाचं. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ कुत्र्यांत भुलेच्या काही औषधांचा अंमल फार वेळ टिकतो, हे पशुवैद्यकात माहीत आहे. कारवान त्याच बांध्याचा, तेव्हा नसबंदीच्या वेळी डॉक्टरांना त्याची जात आधीच सांगावी.

राजपालयमचं काम वेगळं. रानडुकराला भिडणं आणि वाड्याची राखण करणं. तो मागे हटत नाही आणि एखाद-दुसऱ्या माणसालाच आपला मानतो. परका माणूस त्याच्या लेखी आधी संशयित. आता आपलं घर डोळ्यांपुढे आणा. सकाळी दूधवाला, मग कामाच्या मावशी, दुपारी कुरिअरवाला, संध्याकाळी मुलांचे मित्र आणि गणपतीत तर घरभर पाहुणे. अशा घरात राजपालयमला दिवसातून दहा वेळा स्वतःला आवरावं लागतं आणि अकराव्या वेळी काय होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. त्याच्या पांढऱ्याशुभ्र रंगाशीही एक दुखणं जोडलेलं आहे. कानाच्या आत रंगद्रव्याच्या पेशी लागतात. त्या नसल्या तर पिल्लू जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत बहिरं होतं, आणि या जातीत हे आढळतं. भावंडांमध्ये ते लक्षात येत नाही, कारण बाकीची पळाली की तेही पळतं. म्हणून पिल्लाला एकटं घ्यावं, आपण त्याच्या मागे उभं राहावं आणि ते दुसरीकडे पाहत असताना किल्ल्यांचा जुडगा वाजवावा. वारा किंवा जमिनीची थरथर लागू देऊ नये. एकाच कानाने बहिरं असलेलं पिल्लू मात्र या परीक्षेतूनही सुटतं.

यावर कुणी म्हणेल, लहानपणापासून नीट वळण लावलं तर कुठलंही कुत्रं माणसाळतं. वळणाचं मोल मोठं आहे, त्याशिवाय या दोघांनाही घरात आणूच नये. पण वळणाची कसोटी लागते ती मालक जवळ नसताना. कारवान चुकला तर बहुतेक वेळा तो स्वतः हरवतो किंवा गाडीखाली येतो. राजपालयम चुकला तर दुसऱ्याच्या मुलाला इजा होते. दोन्ही वाईटच, पण सारखी नाहीत, आणि दुसऱ्या चुकीची किंमत ज्याने काही निवडलंच नाही तो मोजतो. म्हणून माणसांचा राबता असलेल्या, अंगण बंदिस्त असलेल्या घराने कारवान घ्यावा. वस्तीपासून दूर, येणं-जाणं कमी आणि मोठी कुत्री आधी सांभाळलेलं एक माणूस कायम हजर, अशा शेतघराने राजपालयम घ्यावा. परदेशात ग्रेहाउंड फ्लॅटमध्ये सुखाने राहतात, असा दाखला देतात. ती बरीचशी शर्यतीतून निवृत्त झालेली प्रौढ कुत्री असतात आणि मोकळं सोडायला कुंपणाची मैदानं तिथे मिळतात. आपल्या शहरांत अशी जागा विरळाच, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या घराने या दोघांचाही मोह सोडावा. रस्त्यावरचं गावठी पिल्लू तिथे जास्त सुखात राहील.

राहिला सर्वांत प्रामाणिक आक्षेप. या जाती संपत चालल्या आहेत, मग घेणाऱ्याला अटी घातल्या तर त्या टिकणार कशा? ही कळकळ मला समजते. पण हौसेने नेलेलं आणि वर्षभरात कुणाच्या तरी शेतावर सोडून दिलेलं कुत्रं जातीच्या कामी येत नाही. जात टिकते ती निरोगी, निरनिराळ्या घराण्यांतल्या, नोंद ठेवलेल्या जोड्यांवर. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र त्यासाठीच काम करतं. तुम्हीही पिल्लू घ्यायला जाल तेव्हा आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका, 2017च्या नियमांनी ते विकायलाच बंदी आहे. त्याची आई पाहायला मागा, शक्य तर बापही. आई दाखवायला विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर पिल्लू कितीही गोंडस असो, रिकाम्या हाताने परत या.