अण्णादुरै : एका विरोधकाची वाटचाल

लोकशाहीत सत्ताधाऱ्याचे चरित्र लिहिणे तुलनेने सोपे असते. त्याने बांधलेली धरणे डोळ्यांना दिसतात, त्याने संमत करून घेतलेले कायदे ग्रंथालयात जपलेले असतात. विरोधकाचे कार्य मात्र बहुधा हवेत विरून जाते. त्याचे भाषण संपते, मतदानात त्याचा पराभव होतो आणि सभागृह पुढील कामाकडे वळते. त्यातून हा विरोधक एखाद्या राज्यापुरता मर्यादित असेल, तर राज्याच्या सीमेबाहेर त्याचे नावही क्वचितच पोहोचते. या दृष्टीने तमिळनाडूचे सी. एन. अण्णादुरै यांची कारकीर्द विचार करण्याजोगी आहे. मुख्यमंत्रिपद त्यांना पुरती दोन वर्षेही लाभले नाही. त्यापूर्वीची सुमारे तीन दशके त्यांनी विरोधातच घालविली आणि त्यांच्या जीवनाचा खरा अर्थ याच काळात शोधावा लागतो.

अण्णादुरैंचा जन्म १५ सप्टेंबर १९०९ रोजी कांचीपुरम येथे एका विणकर कुटुंबात झाला. मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. ई. व्ही. रामस्वामी, म्हणजेच पेरियार, यांच्या सहवासात ते आले आणि स्वाभिमान चळवळीत शिरले. १९३६ साली मद्रास महापालिकेच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. पुढे राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाने शाळांतून हिंदी सक्तीची केली, तेव्हा १९३८ साली विरोधाबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. ज्या राजाजींच्या राजवटीत ते तुरुंगात गेले, तेच राजाजी तीस वर्षांनी त्यांचे निवडणुकीतील मित्र झाले. राजकारणाच्या या विलक्षण वळणाचा मार्ग मात्र लांबचा होता.

शब्द हेच अण्णादुरैंचे भांडवल होते. साप्ताहिकांतील लेख, कथा, नाटके आणि चित्रपटांचे संवाद यांच्या द्वारे त्यांनी आपला विचार खेड्यापाड्यांतील निरक्षर माणसापर्यंत नेला. त्यांचे तमिळ अलंकृत आणि अनुप्रासांनी नटलेले होते. तथापि ते पंडितांपेक्षा सामान्य श्रोत्यांनाच अधिक भावले. मराठी श्रोत्यांना कौतुक वाटेल अशी एक गोष्ट या संदर्भात सांगता येते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या प्रसंगावर अण्णादुरैंनी एक नाटक लिहिले होते. त्यात शिवाजीची भूमिका करणाऱ्या गणेशन या तरुण नटाला पेरियारांनी ‘शिवाजी’ हे नाव बहाल केले आणि पुढे शिवाजी गणेशन याच नावाने तो दक्षिणेत अमर झाला. ‘अण्णा’ हा शब्दही मराठीला परका नाही. तमिळमध्ये त्याचा अर्थ थोरला भाऊ. अनुयायांनी आपल्या नेत्याला हेच संबोधन दिले.

गुरुशिष्यांमधील मतभेद १५ ऑगस्ट १९४७ च्या सुमारास उघड झाले. पेरियारांनी तो दिवस शोकदिन मानला. परकी सत्ता गेल्याचा आनंद तमिळ माणसाचाही आहे, ही अण्णादुरैंची भूमिका होती. अखेर १९४९ साली फूट पडली आणि १७ सप्टेंबर रोजी मद्रासमध्ये द्रविड मुन्नेत्र कळहम, म्हणजे द्रविड प्रगती संघ, स्थापन झाला. पक्षाचे अध्यक्षपद पेरियारांसाठी रिकामे ठेवण्यात आले व अण्णादुरैंनी सरचिटणीसपद पत्करले. गुरूचा मार्ग सोडावा, पण त्याचा अवमान करू नये, हा विवेक पुढेही त्यांच्या राजकारणात टिकला.

पेरियारांचा निवडणुकांवर विश्वास नव्हता. अण्णादुरैंनी मात्र त्या लढविण्याचे ठरविले. हा निर्णय वरवर साधा दिसला, तरी त्याचे परिणाम खोल होते. १९५७ साली २०५ जागांच्या विधानसभेत त्यांच्या पक्षाचे १५ सभासद निवडून आले. स्वतः अण्णादुरै कांचीपुरममधून विजयी झाले. १९६२ मध्ये ही संख्या ५० वर गेली; परंतु या यशाच्या क्षणी खुद्द नेताच कांचीपुरममध्ये पराभूत झाला. पक्षाने त्यांना राज्यसभेत पाठविले. मद्रासच्या विधानसभेतून बाहेर फेकला गेलेला विरोधक अशा रीतीने देशाच्या संसदेत येऊन बसला.

राज्यसभेतील पहिल्याच भाषणात त्यांनी द्रविड प्रदेशाला स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. देशाच्या संसदेत उभे राहून देशापासून वेगळे होण्याची मागणी करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. सभागृह क्षुब्ध झाले, तरीही ते भाषण ऐकले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनचे आक्रमण झाले आणि अण्णादुरैंनी ती चळवळ स्थगित करून सरकारला पाठिंबा दिला. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने देशाचे सार्वभौमत्व व अखंडता मानण्याची शपथ उमेदवारांना बंधनकारक केली. तेव्हा पक्षाने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी आपल्या घटनेतून काढून टाकली.

ही शरणागती होती काय? काहींनी तसे म्हटले. मागणी सोडली, तरी तिच्या मुळाशी असलेली कारणे कायम आहेत, असे अण्णादुरैंचे उत्तर होते. ती कारणे म्हणजे भाषेविषयीचे भय, केंद्राच्या हाती एकवटलेली सत्ता आणि औद्योगिक विकासात दक्षिणेची उपेक्षा झाल्याची भावना. फुटून निघण्याची भाषा सोडल्यामुळेच या तक्रारी संघराज्याच्या चौकटीत, राज्यांचे हक्क म्हणून, मांडता येऊ लागल्या. लोकशाहीने या विरोधकाला बदलले, हे खरे; त्यानेही लोकशाहीला एक अवघड प्रश्न ऐकावयास लावले, हेही तितकेच खरे.

१९६३ च्या राजभाषा कायद्यात इंग्रजीचा वापर पुढे चालू राहू ‘शकेल’, असे शब्द होते. तो चालू ‘राहील’ असे निःसंदिग्ध वचन त्यात नव्हते. एका क्रियापदाचा हा वाद पुढे रस्त्यावर आला. २६ जानेवारी १९६५ रोजी हिंदी प्रमुख राजभाषा व्हावयाची होती. तो दिवस शोकदिन म्हणून पाळण्याची हाक अण्णादुरैंनी दिली आणि त्यांना अटक झाली. आंदोलनाची सूत्रे मात्र विद्यार्थ्यांच्या हाती गेली होती. जाळपोळ झाली, गोळीबार झाले, अनेकांचे प्राण गेले. अण्णादुरैंनी केलेले शांततेचे आवाहनही त्या वणव्यात लगेच ऐकले गेले नाही. लोकांच्या भावनेला वाचा फोडणाऱ्या नेत्याला ती भावना आवरता येतेच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. अखेर ११ फेब्रुवारी रोजी पंतप्रधान लालबहादुर शास्त्रींनी आकाशवाणीवरून इंग्रजीविषयी आश्वासने दिली आणि १९६७ च्या दुरुस्तीने त्यांना कायद्याचा आधार मिळाला.

१९६७ च्या निवडणुकीत २३४ पैकी १३७ जागा जिंकून पक्ष सत्तेवर आला. ६ मार्च रोजी अण्णादुरै मुख्यमंत्री झाले. आता विरोधी बाकावरून दिलेली वचने पुरी करावयाची होती. रुपयाला तीन मापे तांदूळ देण्याचे स्वप्न त्यांनी दाखविले होते. प्रत्यक्षात रुपयाला एक माप, तेही मद्रास व कोइमतूर या शहरांपुरतेच, देणे शक्य झाले. घोषणा आणि खजिना यांतील अंतर असे मोजले गेले. पुरोहिताविना झालेल्या स्वाभिमान विवाहांना कायदेशीर मान्यता, शाळांतून तमिळ व इंग्रजी या दोनच भाषा आणि १४ जानेवारी १९६९ पासून राज्याला तमिळनाडू हे नाव, ही त्यांची ठळक कामे. याच राजवटीत, डिसेंबर १९६८ मध्ये, तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीच्या वादातून ४४ दलितांना जिवंत जाळण्यात आले. सामाजिक समतेच्या चळवळीतून आलेल्या सरकारलाही ते अरिष्ट टाळता आले नाही, ही नोंद त्यांच्या चरित्रातून वगळता येणार नाही.

३ फेब्रुवारी १९६९ रोजी कर्करोगाने अण्णादुरैंचे निधन झाले. अंत्ययात्रेला लोटलेला जनसागर तमिळनाडूने त्यापूर्वी पाहिला नव्हता. त्याच वर्षी त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी केंद्र-राज्य संबंधांचा विचार करण्यासाठी राजमन्नार समिती नेमली. ज्या तक्रारीने एकेकाळी वेगळ्या देशाची मागणी केली होती, ती आता एका निवृत्त न्यायमूर्तींच्या समितीपुढे कलमे आणि परिशिष्टे यांच्या रूपाने आली. विरोधकाचे यश त्याने जिंकलेल्या जागांवरून मोजण्याची रीत आहे. परंतु जे भांडण रस्त्यावर रक्ताने लढले गेले असते, ते सभागृहात शब्दांनी लढण्याची सवय एखाद्या विरोधकाने आपल्या लोकांना लावली, तर त्याचे मोल निवडणुकीच्या आकड्यांत मावत नाही. अण्णादुरैंनी ही सवय पूर्णतः लावली असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यांनी तिचा पाया घातला, एवढे मात्र निश्चित.