आजीचा वारसा

नातवंडांच्या हातीं धर्म द्यावा तरी कसा, हा प्रश्न आजच्या ख्रिस्ती आजीपुढें उभा आहे. घरांतील प्रार्थना मराठी, शाळा इंग्रजी. आजीचीं भजनें नातवाला परकीं वाटूं लागतात. अशा वेळीं लक्ष्मीबाई टिळकांचें चरित्र आठवावें. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. परंतु केवळ पतीचा धर्म म्हणून लक्ष्मीबाईंनीं तो स्वीकारला नाहीं. सोवळेंओवळें हळूहळू सुटलें, मनानें कौल दिला, तेव्हां १९०० सालीं त्यांनीं दीक्षा घेतली. पतीचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें त्यांनींच तडीस नेलें. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चें संपादन नातू अशोक टिळक यांनीं केलें. श्रद्धा सक्तीनें रुजत नाहीं. आजीनें आपली गोष्ट सांगावी, आणि नातवाला पांच वर्षें लागलीं तरी वाट पाहावी.