संशोधन ही मजुरी आहे, भीक नव्हे
(सोलापूर येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. हा पीएच.डी.वर काय बोलणार, असं प्राध्यापक मंडळींना वाटेल. वाटू द्या. मी मजुरीवर बोलणार आहे.

बाबासाहेब १९१६ साली लंडनला पोहोचले. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली नि १९१७ त अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली, ती बोट टॉर्पेडोनं बुडवली. तरी हा माणूस खचला नाही. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत, नवल भथेनांचं कर्ज, आणि १९२० त पुन्हा लंडन. १९२३ त डी.एस्सी. विषय कोणता? रुपयाचा प्रश्न. त्याआधी, १९१६ त, कोलंबियात निबंध वाचला तो हिंदुस्थानातल्या जातींवर.

आता ऐका. आपल्या पोरांना परदेशी धाडणारी केंद्राची शिष्यवृत्ती १९५४ पासूनची. २०२२ त तिच्या नियमात घातलं की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, भारतावरचं सामाजिक संशोधन, या विषयांना पैसा नाही. म्हणजे जात भोगायची आम्ही, आणि तिच्यावर प्रबंध लिहायचा दुसऱ्यांनी! पुढं २०२५ च्या जुलैत १०६ जण निवडले आणि पत्रं दिली ४० जणांना. बाकीच्यांना सांगितलं, निधी असेल तर बघू.

या नियमाशी भांडायचंच. पण तोवर पोरांनी हात जोडून बसायचं का? नाय!

युरोपात दुसरा दरवाजा आहे, तो आपल्याला कुणी दाखवत नाही. हॉलंडात पीएच.डी. करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा नोकर असतो. चार वर्षांचा करार, दरमहा पगार. जर्मनीतही अशा जागा निघतात, विषयाप्रमाणे अर्धा, पाऊण किंवा पूर्ण पगार. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी योजनेत कुठल्याही देशाचा माणूस अर्ज करू शकतो. जागांच्या जाहिराती युरॅक्सेसवर फुकट वाचता येतात. एम.ए., एम.एस्सी. लागतं. दुसरी वाट म्हणजे आपल्या विषयाच्या प्राध्यापकाला थेट लिहायचं: त्याचं काम वाचून, दोन पानांत आपला प्रश्न मांडून. प्रत्येकाला वेगळं पत्र. पन्नास जणांना एकच पत्र पाठवाल तर ते कचऱ्यात जाईल.

ही माहिती गुप्त नाही. पण पेठेतल्या पोराला ती जेवता जेवता मामाकडून कळते. आपला मामा यंत्रमागावर, मामी विडी वळते. ते काय सांगणार? जमीन, पाणवठा, देऊळ यांसारखीच माहितीही त्यांनी वाड्यात कोंडलीय.

तेव्हा वस्तीतल्या वाचनालयात आठवड्याला एक संध्याकाळ जाहिराती मोठ्यानं वाचा. एकमेकांचे अर्ज निर्दयपणे तपासा. इंग्रजीच्या परीक्षेची फी हजारांत जाते, ती वर्गणीतून भरा. जयंतीच्या डीजेतला एक तास कमी करा, एक अर्ज निघेल. आणि जो जाईल त्यानं मागच्याला पत्ता कळवायचा. नाहीतर तोही वाडाच बांधील.

सोलापूरचा टॉवेल बोटीनं परदेशात जातो. सोलापूरचं डोकं का जाऊ नये? जाताना मान खाली घालू नका. तुम्ही कुणाचं देणं मागत नाही, काम मागताय.

जय भीम!