दोन ताटं आणि एक पेन्शन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी काही आहारतज्ज्ञ नाही. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. नट-बोल्टपासून बेअरिंगपर्यंत किती आलं, किती गेलं, शिल्लक किती, हे लिहून ठेवण्यात माझी उमेद गेली. २०१२ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर घरच्या स्टोअरमध्ये माझ्याकडून जी मोठी चूक झाली, ती आज तुम्हाला सांगणार आहे. तशीच चूक आणखी काही घरांत चालू असावी, असं मला वाटतं.

आधी पेन्शनचं सांगतो. पेन्शन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सरकारी पेन्शन येते. तिला महागाई भत्ता असतो. जानेवारीत आणि जुलैत, महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे तो वाढतो. आम्हा खासगी कारखान्यांतल्या लोकांची पेन्शन वेगळी. ती १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली. पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर, असा तिचा हिशेब. माझ्या वेळी त्या पगारालाच साडेसहा हजारांची मर्यादा होती. मला २,३४० रुपये बसली. हिला महागाई भत्ता नाही. २०१४ च्या सप्टेंबरात किमान पेन्शन हजार रुपये ठरली, त्याचा हजाराखालच्यांना उपयोग झाला. माझा आकडा पहिल्या महिन्यात होता तोच राहिला.

फंडाचे पैसे टपाल कार्यालयात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. त्याचं व्याज तीन महिन्यांनी येतं. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं कायम. दर कमी झाले तर बरंच; पण त्या पाच वर्षांत डाळ काही थांबून राहत नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती, ते तुम्हाला आठवत असेल. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली. व्याज आणि पेन्शन मिळून आमचे तेव्हा महिन्याला पावणेआठ हजार होत. घर स्वतःचं. मुलगा पुण्यात, त्याच्या मागे घराचा हप्ता आणि मुलांची शाळा. त्याच्याकडे मागायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलेलं.

खर्चाची वही मीच लिहीत असे. किराणा, दूध, भाजी, गॅस, वीज, औषधं. महिनाअखेर बेरीज जुळली की मला समाधान वाटे. भाव एवढे वाढूनही आपला किराणा फारसा वाढला नाही, याचा थोडा अभिमानच होता. मित्रमंडळींत मी सांगतही असे, 'महागाई महागाई काय करता? हिशेबाने राहिलं की भागतं.'

त्याच टोमॅटोच्या जुलैत एके दिवशी सौभाग्यवतींना जिन्यात चक्कर आली. कठडा हाताशी होता म्हणून वाचली. महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ. डॉक्टर मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी हिला विचारलं, "आजी, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंत?"

ही माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांना केलं तेच."

डॉक्टर म्हणाल्या, "केलं काय ते नाही विचारत. तुमच्या ताटात काय होतं?"

यावर ही काही बोलली नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणखी दोन तपासण्या सांगितल्या आणि मला म्हणाल्या, "आजोबा, आठ दिवस दोघांचं जेवण वेगवेगळं लिहून आणा."

लिहिण्याचं काम म्हटल्यावर मी लगेच तयार झालो. एका पानावर माझं नाव, समोरच्या पानावर हिचं. चौथ्या दिवशी ती दोन पानं वाचताना माझी मान खाली गेली. माझ्या पानावर वाटीभर घट्ट वरण, तिच्या पानावर वरचं पाणी. माझ्या पानावर रात्रीचा पेलाभर दूध. तिच्याकडे दूध फक्त चहातलं. मला केळं, तिला नाही. मला रात्री पोळी-भाजी, आणि तिला बहुतेक रात्री चहा आणि चार बिस्किटं. "मला भूक नाही" हे वाक्य मी दोन वर्षं ऐकत होतो. "दूध पचत नाही" हेही ऐकलं होतं. विचारलं तेव्हा म्हणाली, "अहो, लिटरचं अर्धा लिटर केलं, तेव्हा कुणाचं तरी बंद व्हायचंच की."

माझा किराणा वाढला नव्हता, त्याचं कारण हे होतं. भाववाढ ती स्वतःच्या ताटातून भरत होती. वहीत रुपयाचा हिशेब चोख होता. कोण किती जेवलं याला रकानाच नव्हता.

डॉक्टरांनी आमचं पान बघून साधा हिशेब मांडला. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगते. हिचं वजन बावन्न किलो, म्हणजे साधारण त्रेचाळीस ग्रॅम. तिच्या पानाची बेरीज पंचविसाच्या आतच राहिली. वय झालं की भूक कमी होते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. उलट स्नायू झिजत असतात, म्हणून ती सांभाळावी लागते. पोट चहा-बिस्किटाने भरतं, पण अंगाला काही लागत नाही.

मग आम्ही दोघं मिळून वही नव्याने मांडली. आधी काय कमी करायचं ते पाहिलं. बिस्किटं, टोस्ट आणि फरसाण यांवर महिन्याला ४८० रुपये जात होते. मी दुधात घालत असे ती डब्यातली शक्तिवर्धक पावडर, ३५० रुपयांची. एकूण ८३०. दोन्ही बंद केलं. त्या जागी रोज पाव लिटर दूध वाढवलं, महिन्याला दीड किलो डाळी-कडधान्यं आणि किलोभर शेंगदाणे वाढवले. त्या वेळच्या भावाने हे सगळं साधारण ७३० रुपयांत बसलं. खर्च वाढला नाहीच, शंभर रुपये उरले. त्यात लिंबं आणि केळी आली.

आता तिचं पान असं असतं. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, त्यात दहाएक ग्रॅम प्रथिनं. वाटीभर घट्ट वरण, सहा-सात ग्रॅम. मटकी, मूग किंवा चवळीची उसळ, तेवढीच. दिवसभरात मूठभर शेंगदाणे, चटणीत नाहीतर कुटात, त्यांचे सात ग्रॅम. पेलाभर दूध किंवा दही, सहा ग्रॅम. रात्री मुगाची खिचडी, थालीपीठ नाहीतर कुळथाचं पिठलं आणि मऊ भात. चाळिशी सहज ओलांडते. दात नसले तरी धिरडं आणि पिठलं खाता येतं. आम्ही अंडी खात नाही. जे खातात त्यांना एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डाळ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

स्टोअरमधली एक सवय इथे कामी आली. हवा तो माल नसला की त्याच कामाचा दुसरा माल द्यायचा. शरीराला तूर हवी असते असं नाही, डाळ हवी असते. तूर चढली की मसूर आणा, मूग आणा, हरभऱ्याची डाळ आणा. टोमॅटो महागले तर आमसूल आणि चिंच आहेच. भाजीसाठी मी बुधवारी गंगेवरच्या बाजारात जातो, तेही बाजार उठता उठता. तेव्हा राजगिरा आणि तांदुळजाच्या जुड्या स्वस्त मिळतात. शेवग्याचा पाला तर आमच्या गल्लीत फुकट आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर, म्हणून सकाळी चहाबरोबर बिस्किटांऐवजी नाचणीची आंबील. जेवणाला लागून चहा घेत नाही, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर चांगलं लागतं. डाळ चार घरं मिळून घाऊक आणतो आणि वाटून घेतो.

आमच्या शेजारी एक आजी एकट्या राहतात. एकटीसाठी कशाला कुकर लावायचा, म्हणून त्या चहा-पाव खाऊन झोपत. आता एक दिवस वरण आमच्याकडून जातं, एक दिवस त्यांच्याकडून येतं. गॅस दोघांचा वाचतो, आणि मुख्य म्हणजे त्या जेवतात.

एक गोष्ट सांगायला हवी. माझा धाकटा भाऊ निफाड तालुक्यात कांदा पिकवतो. भाव पडतो त्या वर्षी त्याच्या घरी काय होतं ते मी पाहिलं आहे. त्यामुळे सगळं स्वस्तच असावं, असं मी म्हणू शकत नाही. त्याच्या मालाला भाव मिळावा आणि माझ्या पेन्शनला त्या भावाची जाण असावी, एवढंच मागणं आहे. पण ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत रोज दोन वेळा जेवायचं आहे.

तीन महिन्यांनी हिचं हिमोग्लोबिन साडेदहावर गेलं, पुढे अकरा पार झालं. त्यात गोळ्यांचा वाटा आहेच. रक्त कमी होण्याची आणखीही कारणं असतात, म्हणून तपासणी केल्याशिवाय नुसत्या आहारावर विसंबू नका.

आमच्या घरात मात्र खरा बदल झाला तो वाढण्यात. पूर्वी मी आधी जेवत असे, ती मागून. आता दोन्ही ताटं एकदम मांडतो आणि वरण मी वाढतो. खालून ढवळून, दोन्ही वाट्यांत सारखं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "अहो, पुरे, मला एवढं नको." मी म्हटलं, "अगं, स्टोअरकीपर आहे मी. नोंद झाली, माल परत घेता येत नाही." खूप दिवसांनी ती मोकळेपणी हसली.

तर मंडळी, भाव आपल्या हातात नाहीत आणि पेन्शनचा आकडाही नाही. पण वाढलेला भाव कुणाच्या ताटातून वसूल होतो आहे, ते पाहणं आपल्या हातात आहे. आज जेवायला बसाल तेव्हा एकदा समोरच्या ताटात डोकावा. आणि घरात कुणी रोज "मला भूक नाही" म्हणत असेल, तर माझ्यासारखी दोन वर्षं लावू नका.